पुण्याला मामानं जावं की भाच्यानं?

दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव-गाव बाजूला ठेवून मजकूर थोडक्यात देते. वय 33. घरची सहा एकर शेती आणि जोडीला गावातल्या कृषी सेवा केंद्रात नोकरी. त्याआधी पुण्यात एका कंपनीत होते. तिथं खोलीवरच्या मित्रांनी त्यांना 'एक्स-विंग' या खेळाचा नाद लावला. 'स्टार वॉर्स' सिनेमांतली लहान लहान लढाऊ अंतराळयानं टेबलावर मांडून खेळायचा हा खेळ. 2020च्या लॉकडाउनमध्ये ते गावी आले आणि गावचेच झाले. सात जहाजांचा संच तेवढा बॅगेतून सोबत आला. बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहतो, यंदा बारावी सायन्सला आहे. त्याला त्यांनी खेळ शिकवला, आणि आता तोच मामाला हरवतो. नोव्हेंबरात पुण्यात दोन दिवसांची स्पर्धा आहे. साडेपाच हजार रुपये साठवलेत. त्यातल्या दोन हजारांत दोन जुनी जहाजं विकत घ्यायची आणि उरलेल्यात एकानं जाऊन यायचं, असा हिशेब. पण शेतात कपाशीचा वेचा सुरू असणार. वडील म्हणतात, "पोट्ट्यायचे खेळ खेळाले पुन्याले जातं का तू? अन् फासे आले म्हंजे जुगारच तो." वडील स्वतः शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे शौकीन, पट बंद होते त्या वर्षांतही त्यांनी जोडी विकली नव्हती. शिवाय कंपनीनंच बनवणं थांबवलेल्या खेळापायी इतकी धडपड म्हणजे येडेपणा तर नाही ना, ही शंका. घरी 'बियाणं कंपनीचं ट्रेनिंग आहे' असं सांगून निघायचा विचार आहे, भाच्यालाही तसंच सांगायला शिकवलंय. मी जाऊ, भाच्याला पाठवू, की विषयच सोडून देऊ, असं ते विचारतात. ताजा कलम: प्रवासात जहाजांखालच्या काड्या मोडतात, त्यावर उपाय?

भाऊ,

तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आलंय. बाबांचं आलंय, पुण्याच्या मित्रांचं आलंय, दुकानाच्या मालकाचंसुद्धा एका ओळीत आलंय. ज्याला पाठवायचं की नाही हे तुम्ही ठरवायला बसलात, त्या भाच्याचं एक वाक्य नाही. तो चांगला खेळतो असं तुम्ही लिहिता. त्याला जायचंय का? की रविवारी दुपारी मामासोबत सतरंजीवर मॅट पसरून बसायला मिळतं, तेवढंच त्याला हवंय? सतरा वर्षांच्या पोराला अनोळखी शहरात, अनोळखी लोकांसमोर खेळायची हौस असेलच असं नाही. असेलही. पण हे विचारल्याशिवाय 'मी मागं हटून त्याला पाठवावं का' या विचारात रात्री जागून काढण्यात अर्थ नाही. आधी त्याला विचारा, आणि विचारताना चेहरा त्यागमूर्तीचा करू नका. तसा केलात तर पोरगं 'मामा, तुम्हीच जा' म्हणणार आणि तुम्ही दोघंही फसणार.

पुढं जाण्याआधी, ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मी तो खेळलेय, वाईट खेळते, त्यामुळं अधिकारवाणीनं बोलत नाही. तीन फूट बाय तीन फुटांची मॅट, तिच्यावर काळं आकाश छापलेलं. दोन्ही बाजूंना तीनचार, कधी सातआठ जहाजं. प्रत्येक जहाजाची एक गोल चकती असते, तिला डायल म्हणतात. कुठं वळायचं आणि किती वेगानं जायचं ते तिच्यावर गुपचूप लावून ती पालथी ठेवायची. सगळ्यांच्या लावून झाल्या की एकेक उलटायची आणि तेवढ्याच मापाची पुठ्ठ्याची पट्टी लावून जहाज पुढं सरकवायचं. सरळ जायच्या पाच पट्ट्या, तिरप्या वळणाच्या तीन, काटकोनी वळणाच्या तीन. एकदा डायल पालथी घातली की समोरच्याच्या मनातलं ओळखण्याचा खेळ सुरू. तुम्हाला वाटतं तो डावीकडं वळेल, तो सरळच येतो, दोन जहाजं एकमेकांवर आदळतात, आणि आदळणाऱ्याची त्या फेरीतली कृती, म्हणजे चालीनंतर नेम साधण्यासारखं जास्तीचं काही करायची संधी, सहसा हुकते. फासे येतात ते त्यानंतर, गोळीबाराच्या वेळी.

आता 'जो चांगला खेळतो त्यानं जावं' या तुमच्या गृहीतकाकडं वळते. ते जिल्हा परिषदेच्या क्रीडास्पर्धांतून आलेलं आहे. शाळेतून एकच नाव जायचं, तो हरला की शाळा हरली. या स्पर्धा तशा नसतात. बहुतेक ठिकाणी स्विस पद्धत असते, म्हणजे पहिला सामना हरलात तरी घरी जायचं नाही. पुढच्या फेरीत तुमची गाठ तुमच्याइतकेच सामने जिंकलेल्या-हरलेल्या खेळाडूशी पडते. दिवसभरातल्या सगळ्या फेऱ्या सगळ्यांना खेळायला मिळतात. दोन हरलात तर तिसऱ्या फेरीत समोरचाही बहुधा दोन हरलेलाच असतो, आणि तिथं खरी मजा येते, हे मी स्वानुभवानं सांगते. थोडक्यात, पाठवायला 'प्रतिनिधी' निवडायची गरज नाही. खेळाडू कमी असले तर पुण्याला जाऊन मामा-भाचेच समोरासमोर येतील, ही भीती मात्र खरी आहे. तसं झालं तर खेळून टाका, घरच्यासारखंच.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. तुम्ही दोघं इतकी वर्षं फक्त एकमेकांशी खेळताय. भाचा तुम्हाला हरवतो याचं अर्धं कारण त्याचं कौशल्य असेल. उरलेलं अर्धं हे की तो तुम्हाला ओळखतो. दबावात आलात की तुम्ही कुठल्या बाजूला पळता, जखमी जहाज कधी मागं घेता, हे त्याला पाठ आहे. अनोळखी माणसासमोर तो कसा खेळेल हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. कदाचित पुण्यात तुमचा निकाल त्याच्यापेक्षा बरा लागेल. म्हणून 'तो माझ्यापेक्षा सरस' हा तुमच्या घरातला निकाल झाला, तेवढाच धरा.

मग संचाचं बघू. तुम्ही लिहिलंय की संच एकच, म्हणून माणूसही एकच. पण सात जहाजांत बंडखोरांची तीन आणि साम्राज्याची चार आहेत (सिनेमातले हे दोन विरोधी गट), हेही तुम्हीच लिहिलंय. या खेळात एका स्क्वॉडमध्ये, म्हणजे एका खेळाडूच्या ताफ्यात, एकाच गटाची जहाजं चालतात; प्रत्येकाची किंमत गुणांत ठरलेली असते आणि ठरलेल्या गुणांत ताफा भरायचा असतो. म्हणजे तुमच्या सातांतली कुठल्याही एका खेळाडूला सगळी लागणारच नाहीत! तीन बंडखोर जहाजांत, बरे पायलट आणि थोडी वरची, म्हणजे जहाजाची ताकद वाढवणारी, कार्डं घेतली तर एकाचं स्क्वॉड भरायला हरकत नसावी. साम्राज्याच्या चारांचं अवघड आहे, कारण त्यांची साधी 'टाय फायटर' जहाजं गुणांना स्वस्त असतात, चारांत पूर्ण भरणार नाही. तिथं दोन-तीन जहाजं कमी पडतील. ती उसनी घ्या. टेबलावरच्या खेळांच्या जगात हे अगदी चालतं. ज्यांच्याकडं कपाटं भरलीत, त्यांना कुणी मागितलं तर आनंदच होतो, मात्र आधी सांगावं लागतं. आयोजकांना आजच मेसेज टाका: 'आम्ही दोघं येतोय, नवखे आहोत, अमुक जहाजं मिळतील का?' लाल-हिरवे फासे, पट्ट्या, अंतराची मोजपट्टी हे सगळं टेबलावर दोघांत एक असलं तरी भागतं. प्रत्येक जहाजाची डायल आणि पायलटचं कार्ड तेवढं त्याच्या त्याच्यासोबत लागतं, ते उसन्या जहाजासोबतच मागून घ्या.

म्हणजे दोन जहाजांसाठी बाजूला काढलेले ते दोन हजार मोकळे झाले. भाच्याचं स्लीपरचं तिकीट, स्पर्धेची फी आणि दोन दिवसांचं खाणं त्यात बसवायचा प्रयत्न करा. मुक्काम जुन्या मित्रांच्या खोलीवर होत असेल तर हिशेब आणखी सोपा. तसंही उत्पादन थांबल्यावर जुन्या जहाजांच्या किमती विकणाऱ्याच्या मर्जीवर चालतात. एका स्पर्धेसाठी घाईत घेतलेलं जहाज महागच पडतं.

पण विकत घेण्याआधी, उसनं मागण्याआधी, यादी लिहिण्याआधीसुद्धा एक विचारा: स्पर्धा कुठल्या नियमांवर आहे? हे विचारायला लोक विसरतात आणि तिथं जाऊन तोंडघशी पडतात. खेळ पहिल्यांदा आला 2012 साली, दुसरी आवृत्ती 2018 साली. त्या आवृत्तीत स्क्वॉड 200 गुणांचं. 2020च्या शेवटी तो एका स्टुडिओकडून दुसऱ्याकडं गेला आणि 2022 साली नव्या मंडळींनी गुणांची पद्धतच बदलली: 20 गुणांचं स्क्वॉड, आणि नुसती मारामारी पुरेशी नाही, मॅटवरची ठिकाणं ताब्यात घेऊनही गुण मिळवायचे. जून 2024मध्ये नवीन काही काढणार नाही असं जाहीर झालं. त्यानंतर खेळाडूंनीच कारभार हातात घेतला. काही जण जुनी 200 गुणांची पद्धत सांभाळतात, एक्स-विंग अलायन्ससारखे गट नव्या पद्धतीचे गुण ठरवतात आणि बदलतातही. एका पद्धतीसाठी बांधलेलं स्क्वॉड दुसरीत चालत नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही दोघं 200 गुणांचा खेळ खेळता असं दिसतं. पुण्यात दुसरा असला तर मधल्या सगळ्या रविवारांची तयारी बदलावी लागेल, म्हणून हे आत्ताच विचारायचं.

'बंद पडलेला खेळ' म्हणून तुम्हाला वाटणारी लाज मला मात्र कळली नाही. तुमच्याच पत्रात तिचं उत्तर बसलंय. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शंकरपट बंद पडले. 2021च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 2023च्या मे महिन्यात घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं तुमच्या बाबांनी जोडी ठेवली. ढेप घातली, खरारा केला, रोज फिरवून आणली. कशासाठी? पट परत सुरू होतील याचा तेव्हा काय भरवसा होता? माणसाला एखाद्या गोष्टीची जाण आली की ती कोर्टानं बंद केली काय आणि कंपनीनं बंद केली काय, हाताची ओढ जात नाही. हे तुमच्या घरात तुमच्याआधी एका माणसाला कळलेलं आहे. तुमच्या जहाजांना तर ढेपही लागत नाही.

म्हणून बाबांशी बोलायचं ते तिथून बोला. 'हा खेळ बुद्धीचा आहे, परदेशात लोक खेळतात' वगैरे सांगत बसू नका. त्यांना परदेशाचं काय? मॅट पसरा, एक जहाज त्यांच्या हातात द्या, पट्टी दाखवा. चार-पाचच्या वेगानं जाणारं जहाज काटकोनात वळत नाही, वळायचं तर तीन किंवा त्याहून कमी वेगाची चाल लावावी लागते, आणि एखादं जहाज अवघड वळण घेऊन ताणाखाली आलं की पुढच्या फेरीत त्याला सोपी चाल द्यावी लागते, तोवर त्याच्याकडून जास्तीचं काही करून घेता येत नाही. जोडी हाकलेल्या माणसाला हे सांगताना तुमची दमछाक होणार नाही. ते खेळतीलच असं नाही, 'हं' म्हणून उठूनही जातील. पण पोट्ट्यायचा खेळ म्हणण्याआधी त्यांनी तो एकदा पाहिलेला असेल.

फाशांचा मुद्दा वेगळा, तो हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडं फासा म्हटलं की घरं बुडालेली डोळ्यासमोर येतात आणि ती भीती उगाच नाही. त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, इथं पैसे लागत नाहीत. प्रवेश फी द्यायची, बक्षीस म्हणून बहुतेक ठिकाणी टोकन, कार्डं, फार तर एखादं जहाज मिळतं. कुणी कुणावर पैसा लावत नाही. दुसरं, फासा इथं राजा नाही. मारणाऱ्याचा लाल फासा आठ बाजूंचा: चार बाजूंवर मार आहे, दोन बाजूंवर डोळा, दोन कोऱ्या. नुसते तीन फासे टाकले तर सरासरी दीड मार लागतो. पण आधीच्या चालीत डोकं शांत ठेवून 'फोकस' घेतला असेल तर डोळ्यांचेही मार होतात आणि तीच सरासरी सव्वादोनवर जाते. जवळ जाऊन, अंतराच्या मोजपट्टीच्या पहिल्या पट्ट्यातून मारलं तर एक फासा जास्त. लांबून, तिसऱ्या पट्ट्यातून मारलं तर समोरच्याला बचावाचा एक फासा जास्त. म्हणजे फासा पडायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. पाऊस आपल्या हातात नाही म्हणून कुणी पेरणी वाटेल तेव्हा करत नाही, हे कृषी केंद्रात बसणाऱ्या माणसाला मी काय सांगणार.

आता ट्रेनिंगचं. हे मला पत्रातलं सगळ्यात खटकलं, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही 33 वर्षांचे आहात, कमावता, घर चालवता. दोन दिवस बाहेर जायला तुम्हाला बाबांची परवानगी लागत नाही. मग खोटं कशाला? बाबा नाही म्हणतील ही भीती वरवरची आहे. या वयात खेळायला जाणं तुमच्या मनालाच पटलेलं नाही, असं मला वाटतं. बियाण्याच्या ट्रेनिंगला गेलेला माणूस कामाचा, खेळायला गेलेला रिकामटेकडा, हा शेरा बाबांच्या आधी तुम्हीच स्वतःवर मारलाय. बरं, तुम्ही एकटे असतात तर एक वेळ सोडूनही दिलं असतं. पण तुम्ही सतरा वर्षांच्या पोराला त्यात ओढलंय. 'आजोबांनी विचारलं तर ट्रेनिंग सांग' हे तुम्ही त्याला शिकवलंत. उद्या तो हॉस्टेलवर जाईल, तुम्हाला फोन करून 'मामा, एक्स्ट्रा क्लास आहे' म्हणेल, तेव्हा कुठल्या तोंडानं विचाराल? आणि दर्यापूर तालुक्यात खोटं टिकतं किती? कृषी केंद्रात कंपनीचा माणूस दर आठवड्याला येतो. बाबा त्यालाच विचारतील, "काय हो, ट्रेनिंग कसं झालं?"

म्हणून भाच्याला आधी सांगा की ते ट्रेनिंगचं रद्द. मग बाबांना सांगा, पण 'जाऊ का?' असं नको. 'अमक्या दिवशी निघतो, अमक्या दिवशी परत येतो, वेचणीची सोय अशी केली आहे' असं सांगा. तुम्ही सोय केलेली दिसली तर बाबा कुरकुरतील आणि गप्प होतील. सोय न करता निघालात तर ते चिडतील आणि त्यांचं चुकणार नाही.

कारण वेचणी खरी आहे. कापूस फुटला की थांबत नाही, एखादा अवकाळी शिडकावा आला तर बोंडं ओली, भाव पडला. दोन दिवस तुम्ही आणि भाचा दोघंही नसणार, म्हणजे दोन माणसांचं काम. वेचणाऱ्या बायांशी आधी बोलून ठेवा, त्या शनिवार-रविवारची मजुरी तुमच्या पगारातून द्या, घरच्या कापसातून नको. ती रक्कम साडेपाच हजारांत धरलेली नाही असं मला वाटतं, धरा. धरल्यावर दोघांचं जाणं बसत नसेल, तर भाच्याला एकट्याला पाठवायचा विचार मात्र करू नका. तो अजून अठराचा नाही, मुक्काम अनोळखी घरात, आणि त्याची आई तिकडं काळजीत. मग तुम्ही एकटे जा, किंवा यंदा दोघंही थांबा. पण हे भाच्यासमोर, कागदावर आकडे मांडून ठरवा, त्याच्या माघारी नको.

ताईचं, म्हणजे त्याच्या आईचं, 'हो' हवंच. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. नोव्हेंबरातले दोन दिवस गेल्यानं कुणी नापास होत नाही. पण त्या दोन दिवसांच्या मागं तयारीचे कितीतरी तास असतात, ते ताईला दिसतील. तिला वेळ सांगा: रविवारी दुपारी, दोन डाव, बस्स. आणि 'प्रिलिमला इतके टक्के आणलेस तरच पुणे' असली अट घालू नका. अशा अटीनं अभ्यास किती होतो माहीत नाही, खेळाची मजा मात्र नक्की जाते.

तयारीबद्दल थोडं, कारण सतरंजीवरचा डाव आणि स्पर्धेतला डाव यात मोठा फरक घड्याळाचा आहे. स्पर्धेत एका सामन्याला साधारण 75 मिनिटं मिळतात. तुम्ही घरी चहा पीत, गप्पा मारत दोन-अडीच तास खेळत असणार. मोबाइलवर 75 मिनिटं लावा आणि ती संपली की डाव जिथं असेल तिथं थांबवून गुण मोजा. पहिल्या वेळी तुम्ही अर्ध्यावरच असाल. वेळ बहुतेक डायल लावण्यात जातो; कितीतरी लोक पाचवं जहाज लावताना पहिल्याचं परत बदलत बसतात. दुसरी सवय तोंडानं बोलायची: 'मी याला मॅटवरच्या या दगडाच्या अडथळ्यापलीकडं ठेवतोय, तुमच्या तिसऱ्या पट्ट्याच्या बाहेर.' असं बोललं की नंतर अर्ध्या मिलिमीटरवरून वाद होत नाही. तिसरं, समोरच्याच्या कार्डावर काय लिहिलंय ते विचारायला लाजू नका. कार्डं दोघांनाही वाचता यावीत अशीच मांडलेली असतात. इंग्रजीतलं एखादं वाक्य कळलं नाही तर 'हे जरा समजावून सांगता का' म्हणा, मराठीत म्हणा, पुण्यात कुणाला तरी कळेलच. आणि तुमची एखादी कृती करायची राहून गेली, डाव पुढं सरकला, तर सोडून द्या. 'आता करू द्या ना' म्हणून गळ घालू नका. घरी भाचा देतो, तिथं द्यायलाच हवं असं नाही.

तिकिटाचं एक. महाराष्ट्र एक्सप्रेस तुमच्या सोयीची, आपल्या भागातून थेट पुणे. पण दिवाळीनंतर पुण्याकडं परतणाऱ्यांची झुंबड असते आणि आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं. तारीख कळली की त्याच दिवशी काढा. रात्रभर प्रवास करून थेट टेबलावर उभं राहायचं असं ठरवलं असेल तर बदला. दिवसभर वाकून, डोळे ताणून खेळायचं असतं, झोप नसलेल्या माणसाच्या हातून डायल हमखास उलट्या बाजूची लागते. डावीकडचं वळण उजवीकडं लावून जहाज मॅटबाहेर गेलं की ते गेलंच, परत येत नाही.

अशी पत्रं मला अधूनमधून येतात, म्हणून बाकीच्यांसाठीही इथंच लिहिते. कुणी रुबिक क्यूबसाठी, कुणी बुद्धिबळासाठी, एक ताई कॅरमसाठी नागपूरला जायचं की नाही विचारत होत्या. तालुक्याच्या गावात आपल्यासारखा खेळणारा दुसरा नसतो, म्हणून सगळी भिस्त एका स्पर्धेवर येते आणि मग ती स्पर्धा जीवनमरणाची वाटायला लागते. त्यावर एकच इलाज मला दिसतो: गावातच तिसरा-चौथा खेळाडू तयार करा. भाऊ, तुमच्याकडं दोन गटांची जहाजं आहेत, भाच्याच्या कॉलेजात त्याच्या वर्गातली पोरं-पोरी आहेत. पोरींना विचारलंत का? बहुतेकदा विचारलंच जात नाही. तीन जहाजं या बाजूला, चार त्या बाजूला, गुणांची भानगड बाजूला ठेवून एक डाव मांडा आणि नवख्याला खेळू द्या. भाच्यालाही अनोळखी हात समोर मिळेल, जे पुण्यासाठी त्याला हवंच आहे.

राहिला ताजा कलम. जहाज ज्या पारदर्शक काडीवर उभं असतं ती काडी प्रवासात मोडते, कारण लोक जहाज स्टँडसकट डब्यात टाकतात. जहाज, काडी, स्टँड तिन्ही सुटं करा. इलेक्ट्रिशियन लोक स्क्रू-वॉशर ठेवतात तो खणांचा प्लॅस्टिकचा डबा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. खणात फोमचा तुकडा घालून एका खणात एकच जहाज ठेवा, तोफांची टोकं वर. काड्या वेगळ्या खणात, दोन-चार जास्तीच्या सोबत. काडी खोबणीत मोडून अडकली तर टाचणी तापवून तिच्यात रुतवा, थंड झाली की हळूच ओढा. फेविक्विकनं जोडायचा मोह होईल, पण एकदा चिकटवलं की ते जहाज परत सुटं होत नाही, आणि पुढच्या प्रवासात मग काडीऐवजी पंख मोडतो. उसन्या जहाजांना तर हे काहीच करू नका. ज्यांची त्यांना तशीच परत द्या आणि मोडलं असेल तर देताना आधी सांगा.